जोडाखालचा फुटवा

झाडं दाखवून पोट भरायचं ही कल्पना ऐकून गुरुदास धुरी आधी हसला आणि मग चिडला. हसला ते समजण्यासारखं आहे. ज्या माणसाने जन्मभर आंब्याकाजूच्या मुळाशी घाम गाळला, त्याला मुलगा येऊन सांगतो की बाबा, आता शाळेची मुलं बसने आपली बाग बघायला येणार, आपण त्यांना फिरवायचं, शिकवायचं, जेवू घालायचं! "मेल्या, झाडां बघूक कोण येतलो? तेंच्या गावात झाडां नाय?" असं ओंकारला म्हणून तो गोठ्यात निघून गेला. चिडला कशाने, ते मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला, शेवंतीला, ते न सांगता कळलं. आपलं कष्टाचं काम म्हणजे लोकांनी तिकीट काढून बघायची गंमत, हे त्याला झोंबलं होतं.

पण ओंकार ऐकतो कसला! कुडाळला कॉम्प्युटर क्लासात शिकवून कंटाळलेला पोरगा, आणि त्याची बायको तन्वी त्याच्याही पुढे. तिने बागेतल्या मांगराची, त्या जुन्या शेतघराची, कौलं बदलून घेतली, आत मुलांना बसायला बाकं टाकली, झाडांना नावांच्या पाट्या लावल्या आणि फाट्यावर बोर्ड ठोकला, 'धुरींची बागशाळा'. गावात चेष्टा व्हायची ती झालीच. चहाच्या टपरीवर महादू म्हणाला, "काय रे गुरुदासा, मास्तर झालंस म्हणतत! हजेरी पोरांची घेतंस काय झाडांची?" गुरुदासने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिली शाळा आली त्या दिवशी गुरुदासकडे एकच काम होतं, गाऱ्हाणं घालायचं. बागेत परकी माणसं शिरणार, तर राखणदाराच्या कानावर घालायला नको? त्याने वाटेवरच्या दगडापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां तुझ्या राखणीत इली हत. तेंका इच्वाकाट्यापासून सांभाळ, कोणाचो पाय घसरूक देव नको, जशी इली तशी हसत घराक पोचव रे म्हाराजा!" मागून घरच्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, आणि पाठोपाठ सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "होय म्हाराजा!" गुरुदासच्या अंगावर काटा आला. मग दिवसभर पोरांनी त्याला सोडलंच नाही. काजूची बी फळाच्या बाहेर का, फणस बुंध्याला का लागतो, मुंग्या झाडावर घर कसं शिवतात. बस गेल्यावर तो शेवंतीला म्हणाला, "पोरां बरी होती गो." तिने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

बागशाळेत मुलांना सगळ्यांत आवडायचं ते कलम बांधणं. गुरुदास तरुणपणी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात हे काम शिकला होता आणि त्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पावसाळ्यात आंब्याच्या कोयी वाफ्यात रुजतात, तांबूस पानांची कोवळी रोपं वर येतात. त्यातलं एक कोयीसकट उपटायचं, शेंडा कापायचा, देठ मधोमध चिरायचा आणि त्या चिरेत हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. हा झाला जोड. जोडाच्या खालचं सगळं रायवळ, कुठल्या कोयीचं ते देव जाणे. वरचं सगळं हापूस. मग ते रोप मातीच्या पिशवीत लावायचं आणि पुढे एकच गोष्ट सांभाळायची. जोडाच्या खालून फुटवा आला की नखाने खुडून टाकायचा. तो राहिला तर सगळा जोर तोच घेतो आणि वरचं कलम उपाशी मरतं.

मुलं हौसेने कलमं बांधायची, पिशवीला आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि दिवाळीनंतर येऊन घेऊन जायची, असं तन्वीने ठरवलं होतं. पहिल्या वर्षी फजिती झाली. कोवळ्या हातांनी बांधलेली कलमं ती, बहुतेक सगळी सुकली. मुलं न्यायला आली तेव्हा आपापल्या नावाखाली वाळकी काडी बघून एक बारकं पोर हुंदके देऊन रडायला लागलं, आणि मग सगळ्या वर्गाने सूर धरला. तन्वीचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, सुकलेल्या पिशव्या बाजूला काढा आणि आपल्या रोपवाटिकेतली त्या जागी ठेवा. मुलांना काय कळतंय?"

"पिशवी बदलूची नाय," गुरुदास म्हणाला. "माती पोरांनी भरलेली आसा." पण पोरांचं रडणं त्यालाही बघवलं नव्हतं. जोड सुकला तरी खालचं रोप बऱ्याचदा जिवंत असतं. त्याने मांगरात बसून त्याच रोपांवर, जरा खाली कापून, आपल्या हाताने नव्या काड्या बांधल्या. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. मुलं आली, आपलं कलम जगलं म्हणून नाचली, आणि गुरुदासही त्यांच्यात हसला. हे काही पाप आहे असं त्याला तेव्हा मुळीच वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात जामसंड्याची एक शाळा आली. त्यात दिव्या होती. सातवीतली, किडकिडीत, तोंडाची टकळी चालूच. बाप बोटीवर, आई घरी शिवणकाम करते, आपल्याला गणित अजिबात येत नाही, ही सगळी माहिती तिने न विचारता गुरुदासला दिली. कलम बांधताना तिची काडी बघून गुरुदासला हसू आवरेना.

"अगो चेडवा, काडी तासलंस काय पेन्सिल?"

"तिरकी गेली काय, आजोबा?"

"तिरकी? ही जामसंड्याक बघता आणि खालचा रोप मालवणाक!"

ती खो खो हसली. पट्टी गुंडाळली तीही अशी, की एक वेढा इकडे आणि दुसरा तिकडे. पिशवीत माती मात्र तिने दोन्ही हातांनी दाबून दाबून भरली. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "ह्या जगतला? खरा सांगा हां."

"जगतला."

"आणि नाय जगला तर?"

"नाय जगला तर मी तुका सांगान. मगे तू परत ये आणि दुसरा बांध."

"चलात," ती म्हणाली आणि पळाली.

भाद्रपदात तिचं कलम सुकलं. सुकणारच होतं. गुरुदासने इतरांबरोबर तिच्याही रोपावर नवी काडी बांधली. ती आली की तिला खरं सांगायचं, तिच्याच हातून दुसरं बांधून घ्यायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दिवाळी झाली आणि ती शाळा आली. मुलं बसमधून उतरली, पण या वेळी गलका नव्हता. गुरुदास दिव्याची पिशवी हातात घेऊन तोंडं बघत राहिला. "खंय गेली ती बडबडी?" त्याने विचारलं. पोरांनी माना खाली घातल्या. शाळेच्या बाईंनी त्याला बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "दिव्या गेली हो, काका. नवरात्रात ताप भरला. लेप्टो. गोव्याला नेलं होतं, पण नाही राहिली."

गुरुदासच्या हातात पिशवी तशीच होती. एवढंसं पोर, काल तर इथे मातीत हात घालून बसलं होतं! त्याने देवाला शिव्या घातल्या, अगदी मोठ्याने, बाईंच्या समोर. मग विहिरीकडे जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पिशवी तिथेच कठड्याच्या आडोशाला ठेवली. त्या दिवसापासून त्या रोपाला तो दुसऱ्या कोणाला पाणी घालू देईना.

माघात एका सकाळी जामसंड्याची एक बाई रिक्षातून उतरली. तिशी-पस्तिशीची, अंगावर साधी साडी, डोळे खोल गेलेले. "मी दिव्याची आवस. सारिका," ती म्हणाली. शेवंतीने तिला हाताला धरून ओटीवर बसवलं, पाणी आणि गूळ दिला. ओंकार घरी नव्हता, आणि तन्वी दारात नुसती उभी राहिली.

"बाईंनी सांगल्यानी, तिचा कलम हय आसा म्हणान."

गुरुदासने पिशवी आणून दिली. सारिकाने ती मांडीवर घेतली. साडीला माती लागली तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने चिठ्ठीवरचं नाव वाचलं, पानांवरून हात फिरवला, आणि बोट येऊन थांबलं ते नेमकं जोडावर.

"ह्या तिना बांधलेला?"

शेवंती गुरुदासकडे बघत होती, तन्वीही. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण समोर ती बाई, पोरगी गेलेली, एवढ्या लांबून एका पिशवीसाठी आलेली.

"होय," तो म्हणाला.

सारिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तशातच ती हसली. "घरात एक काम धड करी नाय होती, काका. भाकरी केल्यान तर जळलेली. बटण शिवल्यान तर दुसऱ्या दिवशी हातात. आणि ह्या बघा, किती नीट बांधल्यान! माका कोणी सांगला असता तर खरा वाटला नसता." तिने तो जोड गालाला लावला.

आपल्या हातच्या कामाचं असं कौतुक गुरुदासने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकताना जमीन दुभंगली तर बरं, असं त्याला झालं होतं. तो भराभरा बोलायला लागला. सकाळचं ऊन दे, पाणी रोज पण बेतानं, शेण कुजलेलंच घाल, एक पावसाळा कुंडीत ठेवलंस तरी चालेल, पण जमिनीत लावलंस तर दगडाचं आळं कर. सगळं सांगितलं. एक सोडून. जोडाखालचा फुटवा खुडायचा हे सांगायचं म्हणजे त्या जोडावर बोट ठेवून बोलायचं होतं. जिथे ती हात फिरवत होती, तिथे बोट न्यायची त्याची छाती झाली नाही. कलमं बांधायला लागल्यापासून ही गोष्ट त्याने कोणाला सांगायची सोडली, असं कधी झालं नव्हतं.

रिक्षा गेल्यावर शेवंती म्हणाली, "कित्याक खोटा बोललास?"

"मगे काय सांगूक होया होता? चेडू गेला आणि तेना बांधलेला पण गेला, असा सांगू?"

त्या दिवशी दोघंही नीट जेवली नाहीत.

त्यानंतर सारिकाचा अधूनमधून फोन यायचा. काका, नवीन पान इला. काका, आज अंगणात लायलंय, चिऱ्यांचा आळा केलंय. काका, दिव्याच्या बापाशीचो, विनीतचो, बोटीवरसून फोन इललो, तेका फोटो पाठवलंय, तो रडलो. गुरुदास नुसता 'बरा, बरा' म्हणायचा. फोन ठेवला की तो उठून रोपांना पाणी घालायला जायचा, आणि शेवंती त्याला बोलवायलाही जात नसे.

इकडे बागशाळा जोरात चालली होती. पुढच्या श्रावणात रोज एक तरी बस यायची. एकदा मुलं कलमं बांधायला बसली असताना तन्वी त्यांना म्हणाली, "नीट बांधा हं. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. ती आता नाही, पण तिने तिच्या हातांनी बांधलेलं कलम आज तिच्या आईच्या अंगणात वाढतंय." बरोबर आलेल्या बाईंनी डोळे पुसले. तन्वीच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या पोरीची आठवण राहावी एवढंच तिला वाटत होतं, आणि खरं काय ते तिने मनातून पुसूनच टाकलं असावं.

गुरुदास हातातला चाकू टाकून उठला. "तन्वी!" तो असा ओरडला की मुलं दचकली. "ती गोष्ट ह्या बागेत परत काडूची नाय. आयकलंस?" सून बिचारी पांढरीफटक पडली. तो मांगराबाहेर गेला आणि तिथेच खिशातला फोन वाजला.

"काका, झाड जोरात वाढता हां!" सारिकाचा आवाज आनंदी होता. "खालसून केवढी पालवी फुटली! वरची पाना मात्र गळली. वरचो दांडो सुकलोसो दिसता. खत घालू काय?"

"खालसून म्हणजे? जोडाच्या खालसून?"

"होय तर. माझ्या कमरेक लागता आता."

गुरुदासने डोळे मिटले. त्याला सगळं तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाकू घेतला, पट्टी घेतली आणि हापूसच्या ताज्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. शेवंती हे सगळं बघत होती. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"परत तेच करतलास?"

"झाड वाचवूक होया ना."

"झाडाचा माका सांगू नकास. सांगून येणार असलास तर जावा. नायतर हयच ऱ्हवा."

त्याने फडकं काखोटीला मारलं आणि निघाला. मालवणला एस्टी बदलून देवगडच्या गाडीत बसला. वाटेत त्याने मनाशी हिशेब घातला. फुटवा चांगला जाड झाला असेल, त्यावर काडी सहज लागेल. जरा दुरुस्ती करतो म्हणायचं, बांधायचं, आणि या वेळी फुटव्याचं नीट सांगायचं. तिचं झाड जगेल, तिचं मन राहील. कोणाचं काय बिघडणार आहे? गाडी जामसंड्याला पोचली तोवर त्याने हे जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

सारिकाने त्याला बघितलं आणि त्याला कुठे ठेवू, कुठे नको असं तिला झालं. "काका, फोन करूचो नाय? जेवल्याशिवाय सोडूचंय नाय तुमका." अंगणात, तिच्या शिलाई मशीनच्या खिडकीसमोर, चिऱ्यांच्या आळ्यात ते झाड होतं. खालून सरळसोट फुटवा वर गेला होता, टोकाला तांबूस पालवी लवलवत होती. आणि बाजूला, पट्टीच्या वेढ्यांत आवळलेली, गुरुदासची काडी काळी ठिक्कर पडली होती.

तो उकिडवा बसला. "जरा दुरुस्त करतंय," म्हणत त्याने फडकं सोडलं, चाकू काढला.

"करा, करा." सारिका आतून स्टूल घेऊन आली आणि त्याच्या अगदी जवळ बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. "माका बघूचा आसा. त्या दिवशी तिना कसा बांधल्यान असतला, ता माका कळात तरी. मी काय थंय नाय होतंय."

गुरुदासने काडी तासायला घेतली होती ती त्याला तासवेना. बाई त्याच्या हातांकडे अशी बघत होती, जणू ते हात त्याचे नव्हतेच. त्याने चाकू जमिनीवर ठेवला.

"बाय गो, ह्या तिना बांधूक नाय."

"काय?"

"तिना बांधलेला भादव्यातच सुकला. तेच्यार मी दुसरी काडी बांधलंय. किती नीट बांधल्यान म्हणान तू ज्याका गालाक लायलंस, ता माझा." आता सुरू झालं ते थांबेना. "आणि ह्या सुकला ता पण माझ्यामुळा. खालचो फुटवो खुडूचो असता. मी सगळ्यांका सांगतंय. तुका सांगूक नाय. त्या जोडाकडे बोट करूची माझी छाती झाली नाय."

सारिका उठून उभी राहिली. "माझ्या तोंडार होय म्हटलास तुम्ही."

"म्हटलंय."

"रोज सांजेक त्या जोडार हात ठेवन बसतंय मी. विनीतक सांगलंय. सासूक सांगलंय. शेजारीपाजारी सगळ्यांका दाखवलंय, माझ्या चेडवान बांधलेला जगला म्हणान!" तिचा आवाज फाटला. "माझ्याकडे तिचा तेवढाच होता, काका. तेवढाच! ता पण तुमचा?"

ती आत गेली. आतून रडण्याचा आवाज येत राहिला, आणि गुरुदास आळ्यापाशी खाली मान घालून बसून राहिला. उठून जावं असं त्याला कितीदा वाटलं. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त रडू येत होतं. साठी उलटलेला बाप्या माणूस परक्या अंगणात बाहीने डोळे पुसत होता.

सारिका बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. ती स्टुलावर न बसता खाली चिऱ्यावर बसली.

"मगे तिना बांधलेला कसा होता? खरा सांगा."

"वायट होता," गुरुदास म्हणाला. "काडी अशी तासलेली की पेन्सिल. एकीकडे जाडी, एकीकडे बारीक. पट्टी गुंडाळल्यान ती दुखऱ्या पोटरीक बांधतत तशी, खंयसून खंय. त्यात ब्लेड लागला बोटाक. शेवंतीन हळद भरून फडक्याचो तुकडो बांधल्यान, तर म्हणता कशी, आजये, माझ्या बोटाक पण कलम केलंस काय!"

"बोटाक पट्टी होती ती तेवाची?" सारिका चमकली. "माका म्हटल्यान, दारात बोट सापडला! मी तिका वर आणि फटको दिलंय, बघून चल म्हणान." ती हसायला गेली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. "तशीच होती मेली. तशीच होती माझी दिव्या."

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "परत सांगा."

गुरुदासने परत सांगितलं. या वेळी अगदी सुरुवातीपासून, बसमधून ती सगळ्यांत आधी उडी मारून उतरली तिथपासून. गाऱ्हाण्याच्या वेळी बाकीची पोरं गप्प झाल्यावरही ही एकटीच 'होय म्हाराजा' ओरडत होती ते सांगितलं. जेवताना तिने दोनदा सोलकढी मागितली आणि तिसऱ्यांदा मागायला मैत्रिणीला पाठवलं, ते सांगितलं. आणि तिला दिलेला शब्दही सांगितला, नाही जगलं तर सांगेन म्हणालेला. सारिका एकेक गोष्ट थांबवून थांबवून ऐकत होती. कपडे कसे मळले होते, उन्हात उभी होती की सावलीत, हेसुद्धा तिला हवं होतं.

शेवटी तिने त्या फुटव्याला हात लावला. "आणि ह्या खालचा? ह्या कोणाचा?"

"ह्या तिचा. रोप तिना वाफ्यातसून निवडलेला, माती तिना भरलेली. वरची काडी सोडली तर बाकी सगळा तिचा."

"आंबे येतले?"

"येतले. पण हापूस नाय. रायवळ. आंबट काय गोड, ता लागल्याशिवाय कोण सांगूचो नाय."

सारिकाने फुटव्याचं एक कोवळं पान बोटाने सरळ केलं. मग म्हणाली, "तर मगे तुमचा तेवढा काडा."

गुरुदासने चाकू उचलला. जन्मभर त्याने खालचा फुटवा खुडला होता आणि वरचं राखलं होतं. दिसला की नख आपोआप तिकडे जायचं, गप्पा मारतानासुद्धा. आता त्याने फुटवा एका हाताने अलगद बाजूला धरला, पातं तो फुटला होता तिथून जरा वर नेलं आणि आपली काडी जोडासकट कापून टाकली. कापलेल्या जागी ओली माती लावली. आणलेल्या ताज्या काड्या फडक्यात तशाच राहिल्या.

कापलेला तुकडा आळ्यात पडला होता. सारिकाने तो उचलला. पट्टीचे वेढे अजून एकावर एक नीट बसलेले होते. तिने त्यावरची माती झटकली आणि तो गुरुदाससमोर धरला.

"ह्या तुमचा," ती म्हणाली. "ह्या तुम्ही घेवन जावा."

ती ते रागाने म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने तुकडा घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. जेवायचं तिनेही म्हटलं नाही आणि तोही थांबला नाही. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा सारिका आळ्याचे हललेले चिरे परत जागेवर लावत होती.